रस्त्याची खबर हाताला

गेल्या महिन्यात जालन्याहून भाचा आला होता. नुकतंच पक्कं लायसन मिळालेलं, त्यामुळं चहाच्या आधी किल्लीवर नजर. माझी गाडी जुनी आहे. २००६ ची ऑक्टाव्हिया, एमएच-२० पासिंग, १.९ लिटरचं डिझेल इंजिन. संभाजीनगरची छावणी ओलांडली, पडेगाव-मिटमिटा मागं टाकलं आणि रस्ता जरा मोकळा झाल्यावर मी स्टिअरिंग त्याच्या हातात दिलं. शरणापूरच्या फाट्याजवळ तो म्हणाला, "मामा, स्टिअरिंग थरथरायलंय. अलाइनमेंट गेलंय वाटतं."

अलाइनमेंट आठवडाभरापूर्वीच केलेलं. चारही चाकं बॅलन्स केलेली. त्याला गाडी कडेला घ्यायला लावली आणि आम्ही दोघं उतरलो. डांबराचा वरचा थर निघून गेला होता, खाली बारीक खडी उघडी पडलेली. एवढंच. रस्ता कसा आहे ते गाडी त्याच्या तळहाताला सांगत होती आणि त्याला वाटलं गाडी बिघडली. पोराची चूक नाही. तो शिकला माझ्या दाजींच्या दोन वर्षं जुन्या एसयूव्हीवर. त्या गाडीचं स्टिअरिंग खडीवरही गप्प, डांबरावरही गप्प, आणि पावसात पाणी साचलेल्या पट्ट्यातही तेवढंच गप्प. बोलणारं स्टिअरिंग त्याच्या हातात पहिल्यांदाच आलं होतं.

आमची चार-पाच जणांची टोळी रविवारी सकाळी खुलताबादेपर्यंत गाड्या काढते. दौलताबादचा घाट चढायचा, तटबंदीतल्या अरुंद दरवाजातून एकेक गाडी काढायची, वर चहा-भजी, आणि ऊन तापायच्या आत घरी. चहावर वाद ठरलेला असतो. एकाचं म्हणणं, सेडान म्हणावी अशी गाडी आता कुणी बनवत नाही. पुढची जाळी बघा, बोनेट बघा, सगळं सुजल्यासारखं. दुसरा लगेच मोबाइलवर आकडे काढतो: शंभरचा वेग किती सेकंदांत, ब्रेक मारल्यावर किती मीटरांत उभी, एअरबॅग किती. दोघांकडं आपापला पुरावा असतो आणि भजी गार होतात.

यातला दिसण्याचा वाद मी एका वाक्यात मिटवतो. २०२० मध्ये बीएमडब्ल्यूनं नव्या एम३ या वेगवान सेडानला हनुवटीपर्यंत उतरणारी उभी जाळी बसवली तेव्हा जगभर जी बोंब झाली ती फेट्याच्या रंगावरून होणाऱ्या भांडणासारखी होती. आवडला तर बांधा, नाही तर टोपी घाला. आणखी दहा वर्षांनी तीच जाळी 'काय रुबाब होता त्या काळी' म्हणून फोटोत फिरेल. तिच्यावर चहा गार करू नये. चहा गार करण्याजोगी गोष्ट दुसरीच आहे, आणि ती फोटोत दिसत नाही.

माझ्या आजोबांचं एक सांगणं घरात अजून निघतं. ते नांगर धरायचे तेव्हा रुमण्यावरच्या हाताला खाली काय चाललंय ते कळायचं. फाळ दगडाला लागला, ढेकूळ फुटलं, की खाली ओल लागली, हे डोळ्यांच्या आधी हात सांगायचा. बैल थांबवायचा की हाकायचा ते त्यावर ठरायचं. जुन्या गाडीच्या स्टिअरिंगचं काम तसंच होतं. इंजिनाच्या पट्ट्यावर एक पंप फिरायचा, त्याच्या तेलाचा दाब रॅकवर, म्हणजे चाकं वळवणाऱ्या दातेरी पट्टीवर, यायचा आणि चाक वळवायला जोर लागायचा नाही. पण चाकावर खालून जो धक्का यायचा, जी ओढ यायची, ती त्याच रॅकमधून, स्टिअरिंगच्या दांड्यातून उलटी वर चढायची. थोडी मऊ होऊन यायची, पण यायची. वळणात पुढचं चाक पकड सोडायला लागलं की स्टिअरिंग एकदम हलकं पडायचं. गाडी सरकण्याच्या आधी अर्धा क्षण ही खबर मिळायची, आणि घाटात तेवढा अर्धा क्षण फार असतो.

आता त्या पंपाच्या जागी विजेची मोटर आली. तुमच्या हातानं दांड्याला किती पीळ दिला ते एक सेन्सर मोजतो, कॉम्प्युटर हिशोब करतो, मोटर ढकलते. खालून येणारी थरथर मोटरच्या जडपणात आणि सॉफ्टवेअरच्या गाळणीत अडकते. हातापर्यंत काय पोचवायचं हे रस्ता ठरवत नाही, कुठल्या तरी ऑफिसात बसलेला इंजिनिअर ठरवतो. त्यानं 'गिऱ्हाइकाला त्रास नको' असं ठरवलं, की सगळंच गाळलं जातं. बीएमडब्ल्यूची ३ सिरीज म्हणजे चालवणाऱ्यांची गाडी असा तिचा पिढ्यान्‌पिढ्यांचा लौकिक. पण २०१२ च्या सुमारास आलेल्या पिढीत विजेचं स्टिअरिंग आलं, तेव्हा तिच्याच भक्तांनी पहिल्यांदा कपाळाला हात लावला.

इथं थांबून माझ्या बायकोचं म्हणणं सांगितलं पाहिजे, नाही तर हा लेख घरात वाचला जाणार नाही. तिचं म्हणणं असं, की 'बोलणारं स्टिअरिंग' हे कौतुक ज्याला गुलमंडीच्या बाजारात गाडी लावावी लागत नाही त्याचं आहे. दिवाळीच्या गर्दीत तीन वेळा मागं-पुढं करून ऑक्टाव्हिया एका फटीत घातली की तिचा खांदा रात्रभर दुखतो. विजेचं स्टिअरिंग बोटानं फिरतं. शिवाय पंप सतत फिरत राहून इंजिनाची ताकद खायचा. मोटर गरज असेल तेव्हाच वीज घेते, त्यामुळं इंधन वाचतं. हे सगळं खरं आहे. मला पंप परत नको आहे. आणखी एक कबुली: ऑक्टाव्हियाच्याच पुढच्या पिढीला, आपल्याकडं जी लॉरा म्हणून विकली गेली तिला, विजेचंच स्टिअरिंग होतं आणि ते मुळीच मुकं नव्हतं. आल्फा रोमिओच्या जुलियालाही विजेचंच आहे आणि चालवणारे तिच्या स्टिअरिंगचं नाव आदरानं घेतात.

म्हणजे हलकं असणं वेगळं आणि मुकं असणं वेगळं. यंत्र हलकं करता येतं आणि बोलतंही ठेवता येतं. त्यासाठी कुणी तरी महिनोन्‌महिने बसून ते सुरात लावावं लागतं, आणि त्या कष्टाचे पैसे कुणी मागत नसेल तर कंपनी तो खर्च करत नाही. आमच्या टोळीतले जुने लोक दोष तंत्रज्ञानाला देतात. माझ्या मते दोष आपल्या मागणीचा आहे.

शोरूममध्ये आपण काय विचारतो ते आठवा. पहिला प्रश्न, "अॅव्हरेज किती?" दुसरा, "सनरूफ आहे का?" मे महिन्यात संभाजीनगरात ४२ अंशांत सनरूफ उघडून कुणी काय बघणार आहे, मला कळलेलं नाही, लग्नाच्या वरातीत नवरदेवाच्या भावाला उभं राहायला ते बरं पडतं एवढंच. "वळणात कशी बसते" हा प्रश्न मी कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही, आणि मी तो विचारला तेव्हा सेल्समन पोरानं माझ्याकडं दयेनं पाहिलं. टेस्ट ड्राइव्ह म्हणजे शोरूमपासून पुढच्या चौकापर्यंत जाऊन यू-टर्न, त्यातही अर्धा वेळ टचस्क्रीनवर गाणी कशी लावायची ते दाखवण्यात जातो.

याचा जुना दाखला होंडा सिटीचा. २००० साली तिला १.५ लिटरचं व्हीटेक इंजिन मिळालं, १०६ अश्वशक्तीचं. हलकी गाडी, खाली बसलेली, सुई वर चढली की इंजिन गायला लागायचं. आजही चांगल्या अवस्थेतली मिळाली तर पोरं घासाघीस न करता घेतात. २००३ मध्ये नवी सिटी आली: उंच, पोटात जागा मोठी, आणि इंजिन ७७ अश्वशक्तीचं. गाडीशौकिनांनी शिव्या घातल्या. बाजारानं? बाजारानं ती डोक्यावर घेतली. अॅव्हरेज द्यायची ना. कंपन्या गिऱ्हाइकाचं ऐकतात, आणि गिऱ्हाईक काय म्हणालं ते त्यांनी त्या वर्षी नीट लिहून ठेवलं असणार.

श्रीमंतांचं वेगळं असतं असं कुणी म्हणेल, तर ऑक्टोबर २०१० आठवा. तेव्हाच्या औरंगाबादेत १५० मर्सिडीज एका दिवसात घेतल्या गेल्या, सुमारे ६५ कोटींच्या. देशभर बातमी झाली. शहराची पत वाढली आणि आम्हालाही अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. पण त्या दीडशेतल्या किती मालकांनी गाडी स्वतः चालवायची म्हणून घेतली असेल? आपल्याकडं महागडी सेडान ही मागच्या सीटची गोष्ट आहे. बीएमडब्ल्यूला हे बरोबर कळलं. २०२१ च्या जानेवारीत तिनं भारतात ३ सिरीजची लांबवलेली गाडी आणली, चाकांमधलं अंतर ११० मिलिमीटरनं वाढवून. का, तर मागं पाय पसरता यावेत. जी गाडी जगात 'चालवायची' म्हणून नाव कमावून बसली, ती आपण 'बसायची' करून घेतली.

आता आमच्या भागाचं एक दुःख सांगतो, ते मला जास्त टोचतं. २००१ मध्ये स्कोडाचा कारखाना संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात सुरू झाला आणि ऑक्टाव्हिया तिथं जोडली जाऊ लागली. त्या वेळी आमचे रस्ते कसे होते ते बीडहून कधी एसटीनं आलेल्याला विचारा. खड्डा चुकवायचा तर समोरून ट्रक, ट्रक चुकवायचा तर साइडपट्टी फूटभर खाली. त्या रस्त्यांच्या भागात युरोपातल्या मोटारवेसाठी बनलेली, खाली बसणारी गाडी तयार होत होती. २००४ मध्ये तिची आरएस, म्हणजे जोरात पळणारी आवृत्ती, आली: १.८ लिटर टर्बो पेट्रोल, १५० अश्वशक्ती. चालवायला इथं जागा नव्हती. लोक म्हणायचे, "आपल्या रस्त्यावर सेडान खालून घासती, इथं जीपच पाहिजे." बरोबरच होतं.

मग ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा उघडला. जालना, संभाजीनगर दोन्ही त्यावर. सपाट काँक्रीट, रुंद वळणं. खाली बसणाऱ्या, रस्त्याला चिकटून पळणाऱ्या गाडीसाठी असा रस्ता आमच्या नशिबी पहिल्यांदाच आला. आणि चारच महिन्यांनी, २०२३ च्या एप्रिलमध्ये धुराचे पुढचे नियम लागू झाले तशी ऑक्टाव्हिया भारतात बंद झाली. रस्ता आला आणि गाडी गेली. शेंद्र्यात आज कोडियाक जोडतात, सात जणांची, उंच. २०२५ च्या ऑक्टोबरात ऑक्टाव्हिया आरएस परत आली खरी: २६५ अश्वशक्ती, जवळपास ५० लाख रुपये, संपूर्ण देशासाठी १०० गाड्या, त्याही परदेशातून तयार होऊन जहाजानं आलेल्या. जिच्या पाट्या आमच्या शेंद्र्याच्या पोरांनी बसवल्या ती गाडी आता पाहुणी म्हणून येते.

कोडियाक वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. सासरे गुडघ्यानं हैराण, त्यांना ऑक्टाव्हियातून उठवताना दोघं लागतात. उंच गाडीत माणूस खुर्चीवर बसल्यासारखा बसतो, शेतातल्या पांदीत ती अडकत नाही, घरातली सहा माणसं तुळजापूरला एका खेपेत जातात. माणूस गरजेपोटी उंच गाडी घेतो तिथं बोलायचं काही कारण नाही. पण उंच गाडी १२० च्या वेगानं पळवायची म्हटली की तिचं वजन वर असतं, वळणात ती जास्त झुकते. ते झुकणं लपवायचं तर शॉकअप कडक करा, टायर रुंद लावा, मग खड्डे लागतात म्हणून आणखी काही तरी मऊ करा. एका दुखण्याच्या औषधानं दुसरं दुखणं, असं चालतं. सेडानला वळणातली स्थिरता उपजत मिळालेली असते, फुकट.

आणि सेडानही आता हलक्या राहिलेल्या नाहीत. पंचवीसेक वर्षांपूर्वीची बीएमडब्ल्यू एम५, जिच्यात ४०० अश्वशक्तीचं आठ सिलिंडरचं इंजिन होतं, १,८०० किलोच्या आत बसायची. आजची एम५ बॅटरी आणि मोटरसकट ७२७ अश्वशक्तीची आहे आणि २,४०० किलोच्या वर जाते. मर्सिडीजच्या सी६३ मध्ये पूर्वी ६.२ लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन असायचं. २०२२ मध्ये दाखवलेल्या पिढीत २ लिटरचं चार सिलिंडरचं आलं, जोडीला मोटर आणि बॅटरी. ताकद ६८० अश्वशक्ती आणि वजन २,१०० किलोच्या वर. कागदावर प्रत्येक नवी गाडी जुनीला धूळ चारते. पण एवढं वजन वळणात खेचून आणायचं तर कॉम्प्युटरला सतत मध्ये पडावं लागतं, चारही चाकांना वेगवेगळं ब्रेक आणि जोर द्यावा लागतो, आणि चालवणारा त्या सगळ्या गोंधळापासून दूर ठेवला जातो. इंजिनाचा आवाजही आता कित्येकदा स्पीकरमधून येतो. २०११ च्या एम५ पासूनच बीएमडब्ल्यूनं ती सोय केली होती. वरातीत हलगीवाला नाही, डीजेवर हलगीचा आवाज लावलाय, तसं ते ऐकू येतं. पाय थिरकतात, पण कुठं तरी कळतं.

आता हा शौकिनांचा हट्ट राहू द्या बाजूला. हा प्रश्न माझ्या मते सगळ्यांचा का आहे, ते समृद्धीवर दिसतं.

दाजींबरोबर जालन्याहून शिर्डीला गेलो होतो. दाजी सावध माणूस. गावात तिसऱ्या गिअरच्या पुढं जात नाहीत. महामार्गावर चढल्यावर गप्पा सुरू झाल्या, गाडीत एसी, गाणी मंद, काचा जाड. माझी नजर सहज काट्यावर गेली तर १३५. मी म्हटलं, "दाजी, १३५ आहे." ते चमकले. "मला वाटलं ऐंशी-नव्वद असंल." आणि ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या कानाला, पाठीला, हाताला कुठूनच वेग कळत नव्हता. कार १२० नं जाते तेव्हा सेकंदाला ३३ मीटर रस्ता खाली सरकतो. ८० च्या तुलनेत धडकेचा जोर दीडपट नाही, सव्वादोनपट होतो, कारण तो वेगाच्या वर्गानं वाढतो. माणूस हे डोक्यानं जाणतो, पण पाय उचलायला डोकं पुरत नाही. अंगावर काही तरी यावं लागतं. माझ्या ऑक्टाव्हियात ११० ला वारा दाराच्या रबरातून शिट्टी घालतो, स्टिअरिंग आपलं रस्त्याचं गाऱ्हाणं सांगत राहतं, आणि पाय आपोआप सैल होतो. गाडी जुनी आहे म्हणून हे होतं, मान्य. पण त्या शिट्टीनं मला किती वेळा वाचवलं याची मोजदाद नाही.

शिट्टीवरून आठवलं. सरकारला हे कळलेलं आहे. १ जुलै २०१९ पासून प्रत्येक नव्या गाडीत ८० च्या पुढं गेलं की अधूनमधून आणि १२० च्या पुढं सतत वाजणारा बीपर सक्तीचा आहे. म्हणजे गाडीनं स्वतःच्या अंगानं वेग सांगायचा बंद केला, म्हणून कायद्यानं तिच्या गळ्यात घंटी बांधली. त्यावर आमच्या लोकांनी काय केलं? दाजींनी गाडी घेतल्यावर पहिल्याच महिन्यात एका ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून ती घंटी बंद करून घेतली. "डोकं उठवायची," म्हणाले. घंटी डोकं उठवते, कारण ती बाहेरून लावलेली आहे. रस्ता डोकं उठवत नाही.

दुसरा अनुभव धुळे-सोलापूर रस्त्यावरचा. टोळीतल्या एकानं नवी सेडान घेतली, लेन सांभाळणारी, कॅमेरा, रडार सगळं. गेवराईच्या पुढं रात्री चाललो होतो. कारखाना चालू, उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर मातीनं माखलेला. एक ट्रॉली डोळ्यांपुढं उगवली, मित्रानं उजवीकडं काढली, आणि स्टिअरिंगनं त्याला डावीकडं ओढलं. जुन्या पांढऱ्या पट्ट्याचा उरलेला तुकडा कॅमेऱ्याला दिसला असणार, गाडीला वाटलं मालक भरकटला. मित्रानं जोर लावून काढली, काही झालं नाही, पण पुढं पाच मिनिटं आम्ही कुणी बोललो नाही. सर्व्हिस सेंटरला दाखवली तर उत्तर आलं, "सर, सिस्टीम नॉर्मल आहे. सिग्नल देऊन लेन बदला." नियमानं ते बरोबरच बोलले. समृद्धीवर डुलकी लागलेल्या ड्रायव्हरला हीच व्यवस्था वाचवेल, तेही मी मानतो. पण ज्या हाताला रस्ता काहीच सांगत नाही त्याला गाडी अचानक हुकूम देते, तेव्हा त्या हातानं कुणाचं ऐकायचं? रोज बोलणारा माणूस ओरडला तर समजतं. वर्षभर गप्प बसलेला एकदम ओरडला तर माणूस दचकतो.

काचांचंही तेच. नव्या गाड्यांच्या पुढच्या खांबांत छताचं बळ आणि एअरबॅग असतात, म्हणून ते जाड. बाजूच्या काचा वर चढत गेल्या, मागची काच फटीएवढी. त्याच्या बदल्यात कॅमेरे दिले. बीड बायपासच्या चौकात उजवीकडं वळताना एक दुचाकी त्या जाड खांबामागं अख्खी लपते, हे मी दाजींच्या गाडीत दोनदा पाहिलं. मान पुढं काढून बघायची सवय लागली तर ठीक. पण ती सवय कुणी शिकवत नाही. डिझाइन मात्र गृहीत धरतं.

मग मागायचं काय? युरोपात गाड्यांना सुरक्षेचे तारे देणारी युरो एनकॅप २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न अशा गोष्टींना हाताला लागणारी बटणं नसतील तर पूर्ण गुण देणार नाही. म्हणजे हाताला काही तरी लागलं पाहिजे ही गोष्ट सुरक्षेच्या हिशोबात तिथं शिरली. आपल्याकडं भारत एनकॅप ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालं आहे. त्यात अजून धडकेनंतर काय होतं याचीच भाषा जास्त आहे. खांबामागं किती दिसतं, १२० च्या वेगाला चालवणाऱ्याला काय कळतं, हे मोजायला फार मोठं यंत्र लागत नाही.

आणि कर. आपले कर गाडीचा आकार घडवतात, हे आपण उघड बोलत नाही. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या लहान इंजिनाच्या गाड्यांना सवलत मिळाली आणि सेडानच्या डिक्क्या करवतीनं कापल्यासारख्या झाल्या. डिझायरसारखी गाडी २०१२ मध्ये चार मीटरच्या आत बसवली गेली तेव्हा तिच्या मागच्या भागाकडं बघवत नव्हतं. सप्टेंबर २०२५ च्या जीएसटी बदलानंतरही मोजपट्टी तीच आहे. एक लिटरच्या इंजिनाची, खाली बसणारी, पण साडेचार मीटरची सेडान ४० टक्क्यांत. त्याच इंजिनाची, वर उचललेली, चार मीटरच्या आतली गाडी १८ टक्क्यांत. फ्रान्सनं २०२२ पासून वजनावर कर लावला, सुरुवातीला १,८०० किलोच्या वरच्या गाड्यांवर. रस्त्याला, टायरला, समोरच्या दुचाकीवाल्याला लांबी लागत नाही, वजन लागतं. हलकी गाडी कमी ताकदीत पळते, कमी ब्रेकमध्ये थांबते, आणि जास्त बोलते. मला मराठवाड्यातून निवडून गेलेल्या एखाद्या खासदारानं हा प्रश्न दिल्लीत विचारलेला पाहायचाय. संभाजीनगरजवळच्या वाळूजला १९८५ पासून बजाजचा कारखाना आहे, त्याच्याभोवती ब्रेक, शॉकअप, दिवे, कास्टिंग बनवणारे शेकडो लहान-मोठे कारखाने उभे राहिले. निम्मं शहर गाड्यांच्या सुट्या भागांवर जेवतं. गाडी कशी असावी याबद्दल आमचं मत कुणी विचारत नाही, आणि आम्हीही सनरूफच्या पलीकडं ते कधी सांगितलं नाही.

टोळीतला आकडेवाला मला म्हणतो, "भाऊ, पाच वर्षांत सगळ्या गाड्या स्वतःच चालतील, मग तुझं स्टिअरिंग कुणाला पाहिजे?" असेल. उसाची ट्रॉली दिवा लावून चालायला लागली की मीही मागच्या सीटवर बसेन.

भाच्याचं मात्र ठरलंय. त्याला पुन्हा यायचंय, या वेळी पावसात दौलताबादचा घाट चढायचा म्हणतो. थरथर म्हणजे काय ते त्याला आता ऐकायचंय. दाजींना सांगू नका असंही म्हणाला. अडचण एवढीच, की ऑक्टाव्हियाच्या रॅकमधून तेल गळायला लागलंय. सकाळी गाडी काढली की अंगणातल्या फरशीवर रुपयाएवढा लाल डाग असतो. मिस्त्री म्हणतो सील पुण्याहून मागवावं लागेल, चार दिवस जातील, आणि पैसे आधी.